तुटला की सुटला

२ जानेवारी

सूतवाले व्यापारी नवीन वर्षाला डायरी देतात आणि ती दरवर्षी घरातलं कोणीतरी पळवतं. यंदा मीच दडवून ठेवली. लॅबमध्ये आज जे आलं ते कुठेतरी लिहून ठेवावंसं वाटलं. बोकडाचे पाय आले.

कामतघरच्या आमच्या लॅबमध्ये सूत येतं, कापड येतं, कधी एखादी पट्टा-दोरी येते. मशीनच्या दोन जबड्यांत धरायचं, ओढायचं, किती किलोला तुटलं ते सांगायचं. एवढंच करत माझे केस पांढरे झाले. आज दुपारी एक पोरसवदा बाई हातात बर्फाचा डबा घेऊन आली. "केसरीनाथकाका तुम्हीच ना? मी डॉक्टर मेघाली. हाडांची डॉक्टर." मी म्हटलं, हाडं इथे तपासत नाहीत बाई. तर ती हसली आणि डबा उघडून दाखवला. मागच्या पायाचे तुकडे, टाचेमागची जाड पांढरी शीर तेवढी सोलून मोकळी केलेली.

तिचं काम असं. माणसाची टाचेमागची शीर तुटली की डॉक्टर तिची दोन टोकं दोऱ्याने शिवतात. शिवायच्या तऱ्हा निरनिराळ्या, आणि प्रत्येक डॉक्टरला आपलीच तऱ्हा भारी वाटते. तिने मागच्या वर्षी एका लूमवाल्याची शीर शिवली होती, ती पुन्हा गेली. तेव्हापासून तिच्या डोक्यात किडा आहे की कोणता टाका खरोखर किती ओढ सोसतो ते ओढूनच बघावं. बोकडाच्या शिरा कापायच्या, तीन तऱ्हांनी शिवायच्या आणि माझ्या मशीनवर ओढायच्या.

शेठने काचेआडून बघितलं आणि म्हणाला, "करने दो काका. डॉक्टर है, कल को अपने काम आएगी."

६ जानेवारी

सुताचं मशीन लहान पडलं. कापड फाडायच्या मशीनचे जबडे रुंद, त्यात शीर नीट बसली. पण ती मेली बुळबुळीत. दोनदा जबड्यातून निसटली. मग मी जबड्यांना आतून पॉलिश पेपर चिकटवला. डॉक्टरीण बघतच राहिली. "काका, ह्यासाठी परदेशात जबडे गोठवतात." घरी येताना मी रिक्षात दोघा-तिघांना हे सांगितलं.

तिचे नियम कडक. ती सकाळी हॉस्पिटलमध्ये शिवणार, नमुन्यावर नुसता नंबर. शिवलेला भाग ओल्या गॉझमध्ये गुंडाळलेला. कोणता टाका कोणत्या नंबराला ते मला कळता कामा नये. "तुमचा हात एकाच्या बाजूने झुकायला नको." मी म्हटलं माझा हात झुकत नाही. ती म्हणाली, "माझा झुकतो ना, म्हणून." ही गोष्ट मला आवडली.

आणखी एक ठरलं. शीर जबड्यातून सुटली तर तो नमुना बाद. आमच्याकडे कापडालाही हाच नियम, मला नव्याने शिकवायला नको.

१६ जानेवारी

काम जोरात. दुपारच्या सुट्टीत मशीन रिकामं असतं तेव्हा मी ओढतो. ताण चढत जातो, मग टक् असा आवाज येतो आणि दोरा तुटतो. कधी आवाजच येत नाही, पडद्यावरची रेघ नुसती हळूच खाली बसते. ते सुटलेले. ते मी बाद करतो आणि मांजरांना टाकतो. मांजरांची सध्या चंगळ आहे.

डॉक्टरीण संध्याकाळी येऊन आकडे घेते. आज विचारलं, "बरेच बाद दिसतात?" म्हटलं, सुटले. "बुळबुळीत आहेतच," म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी जास्तीचे नमुने पाठवले. एकदाही कुरकुर नाही. शहापूरकडच्या कुणब्याची पोर, बाप अजून शेतावर जातो म्हणे. हॉस्पिटलची ड्युटी करून पहाटे बोकडाचे पाय सोलत बसते. घरी बायकोला सांगितलं तर ही म्हणाली, "सोललेलं मटन त्या बाईला तरी खाऊ दे." हिला कशाचं काय.

२४ जानेवारी

निकाल लागला. तीन टाक्यांत केसलर नावाचा पहिला. डॉक्टरणीच्या ठाण्याच्या मोठ्या सरांचा तोच टाका, जन्मभर तोच घातलाय त्यांनी. ते फार खूश झाले. पुढच्या महिन्यात हाडांच्या डॉक्टरांचा मोठा मेळावा आहे, तिथे हे वाचायचं ठरलं. तिने मला पेढे दिले. मी घरी आणले आणि हिला सांगितलं की डॉक्टर लोक आता माझ्या मशीनला विचारून टाके घालणार. ही म्हणाली, "मशीनला इचारतील. तुमाला कोन इचारतं?"

२९ जानेवारी

अवस. ओहोटी मोठी म्हणून ही आणि धाकटी जाऊ वैशाली खाडीत निवट्या, ते चिखलातले छोटे मासे, धरायला गेल्या. दुपारी प्रितेशचा फोन आला, बाबा, आईच्या पायाला लागलंय.

वैशालीने सांगितलं ते असं. गुडघ्याएवढ्या चिखलात पाय रुतला, हिने हिसका देऊन उपसला आणि उपसता उपसता मागे वळून वैशालीवरच ओरडली, दगड का मारलास म्हणून. दगड कोणीच मारला नव्हता. मग ही चिखलात बसली ती उठलीच नाही. होडी नाही, रस्ता नाही. वैशालीने आणि आणखी दोघींनी फळीवर घालून बांधापर्यंत ओढत आणली. निवट्यांची टोपली मात्र हिने सोडली नाही.

"धोंडशीर गेली माजी," घरात आल्याआल्या म्हणाली. आमच्याकडे टाचेमागच्या शिरेला हेच म्हणतात. मी चिडून म्हटलं, चार निवट्यांपायी पाय घालवलास. ही म्हणाली, "चार न्हाय, टोपली भरून हायत. साफ करा."

मीच साफ केल्या. दोनदा बोट कापलं ते निवट्यांच्या काट्याने, असं प्रितेशला सांगितलं.

३१ जानेवारी

डॉक्टर मेघालीकडेच नेली. तिने हिला पालथं झोपवून पोटरी दाबली. चांगल्या पायाची पोटरी दाबली की पाऊल हलतं. दुखऱ्याचं हललंच नाही. सोनोग्राफीत दोन टोकं लांब गेलेली दिसली.

तिने सगळं नीट समजावलं. काहींची शीर न शिवताही पट्ट्यात ठेवून जुळते. पण हिची टोकं लांब आहेत, तेव्हा शिवलेली बरी. मग हिला विचारलं, "बरं झाल्यावर काय करायचंय?" हिने एका दमात सांगितलं, "मना खाडीत जाऊचा हाय."

मी मध्ये पडलो. म्हटलं आता कसली खाडी, जमीन गेली, गोडाऊनं आली, निवट्या बाजारात मिळतात. डॉक्टरीण माझ्याकडे न बघता हिलाच म्हणाली, "चिखलातून पाय उपसणं म्हणजे ह्या शिरेची सगळ्यात मोठी परीक्षा. तेवढी मजबूत करायला बघू." मंगळवारी ऑपरेशन. बाहेर येऊन मला म्हणाली, "केसलरच घालू काका. आपलाच निकाल आहे."

माझ्या मशीनवर ठरलेला टाका माझ्याच बायकोच्या पायात. छाती भरून आली, खोटं कशाला सांगू.

१ फेब्रुवारी

आज माघी गणपती. आरतीला जाता येत नाही म्हणून सगळ्या बाया हिच्या खाटेभोवती जमल्या. मी बाजूला खोबरं किसत होतो. कोणीतरी विचारलं, "गोदू, शीर तुटली म्हने तुजी?"

ही म्हणाली, "तुटली न्हाय गो, सुटली. चिखलानं पाय सोरला न्हाय, मंग शिरनं सोरला."

बाया हसल्या. माझा हात किसणीवर तसाच राहिला.

सुटली. मी जानेवारीभर हाच शब्द म्हणत होतो. सुटला, बाद. सुटला, बाद. पण सुटला कुठून? जबड्यातून सुटलेली शीर मला ठाऊक आहे, तिचं टोक खरवडलेलं असतं, पॉलिश पेपरला चिकट सालं लागतात. बाद केलेल्या नमुन्यांचे जबडे मी स्वतः उघडले होते. दोन्ही टोकं जिथे धरली तिथेच चिमटलेली होती. पेपर कोरा. मग जबड्यातून सुटलंच नव्हतं. सुटला होता तो टाका, आत गॉझमध्ये, शिरेतून.

म्हणजे जो टाका ओढीला शीर सोडून देतो त्याचे हरलेले नमुने मी मांजरांना घातले आणि जिंकलेले तेवढे मोजले. डॉक्टरीण म्हणाली सुटला म्हणजे जबड्यातून. मी म्हणालो सुटला म्हणजे सुटला. दोघंही एकच शब्द बोलत होतो.

आता जे डोक्यात आलं तेही लिहितो, डायरी माझीच आहे. वाटलं, गप्प बसावं. मोठे सर तोच टाका घालत आलेत, माणसं चालतातच. बाद झालेले सगळे केसलरचेच होते हे तरी कुठे माहीत आहे? बोललो तर लॅबमध्ये, शेठपुढे, मेळाव्यात काय अब्रू राहील? असं मी खोबरं संपेपर्यंत करत होतो. मग बायांच्या हसण्यात हिने चांगला पाय खाटेवरून खाली सोडून जमिनीवर टाच टेकवून बघितली. नुसतीच, कोणाला न सांगता. मी उठून बांधावर गेलो आणि डॉक्टरला फोन लावला.

तिने सगळं ऐकून घेतलं. नंतर एकच विचारलं, "उद्या रविवार. लॅब उघडता येईल?"

२ फेब्रुवारी, रविवार

शेठला खरं सांगितलं. तो म्हणाला, "चाबी ले जाओ. गलती मशीन की नहीं है ना?" मशीनची नाही म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला.

डॉक्टरीण मटणवाल्याकडून पाय घेऊन लॅबमध्येच आली आणि माझ्या टेबलावर शिवायला बसली. तिचा हात मी आज पहिल्यांदा पाहिला. शीर म्हणजे ओल्या दोऱ्यांची लडच, सगळे धागे एका दिशेने. तिची सुई त्यात अशी जाते की एक धागा विस्कटत नाही. मी आयुष्यभर तुटलेलं बघत आलो. जोडताना माणूस एवढा गप्प असतो हे माहीत नव्हतं.

आज गॉझ नाही. मी आकड्याकडे बघितलंच नाही, टाक्याकडे बघत राहिलो. केसलर म्हणजे आत चौकट घातल्यासारखा, वरून नाजूक दिसतो. ताण चढला तसा दोरा शाबूत राहिला आणि शीरच चिरत गेली, शिजलेल्या कोलंबीतून दोरा ओढावा तशी. दोन टोकांत फट पडली. आवाज नाही. रेघ हळूच खाली बसली. ती रेघ माझ्या ओळखीची होती. सगळे तसे झाले नाहीत, काहींचा दोरा टक् करून तुटला. पण जेवढे सुटले तेवढे पुरे होते.

दुसरा तिरपा, फुलीफुलीचा. तो मधला. तिसरा क्रॅको नावाचा. त्यात शिरेच्या दोन्ही कडांना फास घेत जायचं, प्रत्येक फास आधीच्याला अडकवायचा. मी म्हटलं हा तर काजाचा टाका, माझी आई गोधडीच्या काठाला घालायची. डॉक्टरीण म्हणाली, "साधारण तसाच, काका." ओढला तर फास आवळत गेले आणि शेवटी टक् झालं. दोरा तुटला, शीर नाही. परत घातला, परत टक्.

ती खुर्चीत बसली आणि माझ्यासमोरच सरांना फोन लावला. स्पीकरवर. निकाल उलटा आहे, मेळाव्यातून नाव काढून घेते, सगळं पहिल्यापासून करते, असं सांगितलं. सरांचा आवाज चढला. "सूत तपासणाऱ्याच्या गलथानपणापायी तू—"

"सर, चूक सूचनेत होती. सूचना माझी होती आणि गॉझही माझंच."

मी खाली बघत होतो. माझं नाव तिने घेतलंच नाही. सरांनी विचारलं, "मंगळवारची पेशंट?" ती म्हणाली, क्रॅको. आणि हेही म्हणाली की हे बोकडाचं आहे, पहिल्या दिवसाच्या ओढीचं आहे, माणसाची शीर बरी होण्यात आणखी पुष्कळ गोष्टी येतात, जखम भरायला हवी, नुसत्या ताकदीवर भरवसा ठेवायचा नाही. सर म्हणाले, "बरं. मी येतो. टाका तू घाल, मी पाय धरतो." मोठा माणूस. फोन ठेवल्यावर तिने डोळे पुसले आणि चहा मागितला.

निघताना मी तिला म्हटलं, ह्यातलं काही आमच्या मंडळींना सांगू नका, घाबरतील. ती म्हणाली, "बघते काका." समजूतदार पोर आहे. सांगणार नाही.

४ फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. आत नेण्याआधी हिने मंगळसूत्र रुमालात बांधून माझ्या हातात दिलं. मग विचारलं, "रविवारी मशीन बरी चालली ना?"

म्हटलं, चालली.

"मंग झायला," म्हणाली आणि डोळे मिटले. रविवारी सुट्टी मोडून कामावर गेलो एवढंच हिला माहीत, तरी आठवणीने विचारलं. हिच्या मनात असं कधी कधी चांगलं येतं.

मी बाहेर बाकावर बसलो. कापड फाटतं तेव्हा मला काही वाटत नाही. आज आत नर्सने पट्टी फाडल्याचा आवाज आला आणि मी उभा राहिलो. डॉक्टरीण बाहेर आली तेव्हा कपाळावर टोपीचा वळ होता. म्हणाली, "छान बसला टाका. सर म्हणाले, मलाही शिकव." आणि ती माझ्या शेजारी बाकावर बसली.

१३ मार्च

होळी. सगळ्या बाया गाणी म्हणत फेर धरतात आणि ही खुर्चीवर, पायात टाच उंच केलेला बूट. बसल्या जागेवरून कोणाचं पाऊल चुकतंय ते ओरडून सांगत होती. मी बाजारातून निवट्या आणल्या होत्या. हिने एक उचलून वास घेतला आणि वाटीत परत ठेवली. "बर्फातल्या." जेवली नाही.

९ जून

बूट सुटला आहे. डॉक्टरीण हिला एका पायाच्या चवड्यावर उभं राहायला सांगते. चांगल्या पायावर ही तरातरा उभी राहते. शिवलेल्या पायावर टाच उचलतच नाही, नुसता चेहरा उचलल्यासारखा होतो. डॉक्टरीण म्हणाली, शिवणकाम आमचं, वाढवणं तुमचं. ही रोज ओट्याला धरून करते. मी बघायला गेलो की थांबते आणि भांडी घासायला लागते. फार हट्टी. मी आता दाराआडून बघतो.

१७ ऑगस्ट

पापडाचा डबा वरच्या फळीवर असतो. मी तो काढून द्यायला उठलो तर ही आधीच चवड्यावर उभी. दोन्ही पायांवर आधी, मग चांगला पाय हळूच उचलून घेतला. पोटरी थरथरत होती. डबा घेऊन खाली आली आणि म्हणाली, "काय बघताव? तेल तापवा."

तळले. पहिला घाणा जाळला.

१२ ऑक्टोबर

डॉक्टर मेघालीने पावसाळाभर सगळं काम पहिल्यापासून केलं. नवे पाय, नवे टाके, आणि नियमाच्या कागदावर नवी ओळ: सुटला असं लिहू नये, कुठून सुटला ते लिहावं. आज ठाण्यात डॉक्टरांपुढे तिने ते वाचलं. मला मुद्दाम नेलं. मोठा हॉल, थंडी वाजत होती, सगळं इंग्रजीत. पण तिने सुरुवात केली तेव्हा पडद्यावर माझं मशीन आलं आणि ती म्हणाली की आधी आम्ही काय चुकलो ते सांगते. एवढं मला कळलं. हुशार माणसं पुष्कळ पाहिली. आपली चूक पहिल्या पानावर लावून त्यावर उभं राहणारं माणूस मी हे पहिलंच पाहिलं. सरांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, थोड्या जास्तच.

घरी हिला सांगितलं की फार मान मिळाला तिला. कशाबद्दल ते सांगितलं नाही. ही म्हणाली, "मिलूचाच. खरी हाय बाई." हिला काय माहीत, पण बोलली बरोबर.

२० नोव्हेंबर

आज अवस. सकाळी उठलो तर ही टोपली धुवत होती. डॉक्टरणीने परवानगी दिली आहे, म्हणाली. मी म्हटलं मलाही यायचं आहे. "तुमी बांधावर बसा."

बसलो. वैशाली पुढे, ही मागे. पाणी लांब गेलेलं, चिखल उन्हात चकाकत होता. ही आधी चांगला पाय टाकायची, मग दुसरा. असं करत करत बरीच आत गेली. मला वाटलं झालं, परत येईल. तर एका जागी उजवा पाय रुतला. तोच. गुडघ्यापर्यंत.

वैशाली हात द्यायला वळली. हिने हात झिडकारला. मी बांधावरचा खुंटा धरला होता. लॅबमध्ये ताण चढताना मी आकडा बघतो, इथे आकडा नव्हता, हिची पाठ तेवढी दिसत होती. ती पाठ वाकली, ताठ झाली, आणि कसला तरी आवाज आला.

"सुटला," ही ओरडली.

मी खुंटा सोडून खाली उतरलो, चपला चिखलात गेल्या, एक तर तिथेच राहिली. पाच-सहा पावलांत मीच कमरेला चिखल लावून बसलो. वर बघतो तर ही उभी. उजवा पाय चिखलातून मोकळा, वर धरलेला, घोटा गोल फिरवून मला दाखवत होती. मग दोघी हसायला लागल्या.

"पाय सुटला वो," ही म्हणाली. "शीर हाय तितंच हाय. तुमच्या मशीनला सांगा, ह्यो बाद न्हाय."

मी विचारलं, बादचं तुला कोणी सांगितलं.

"डाक्टरनं. आपरेशनच्या आदल्या दिशी, फोन करून. पायात काय घालताव ते मना इचारल्याबिगर घालतील काय? तुमी चुकलाव, मंग तुमीच फोन केलाव, सगला सांगितला तिनं." निवटी टोपलीत टाकून झाकण लावलं. "म्हनून तर मी निजले. न्हायतर निजले असते व्हय मी तिच्या हाती?"

सगळं वर्ष मी हिच्यापासून लपवत होतो, आणि सगळं वर्ष ही मला लपवू देत होती.

मग हिने हात पुढे केला. मी धरला. हिने तो शिवलेला पाय चिखलात घट्ट रोवला आणि मला उपसून काढलं.